मॅलॉकचं पान

जानेवारी 1979 मध्ये बेल लॅब्जमधून युनिक्सची सातवी आवृत्ती बाहेर पडली. तिच्या मॅन्युअलच्या तिसऱ्या विभागात मॅलॉकचं पान आहे. मेमरी कशी मागायची, परत कशी करायची, हातातला तुकडा लहानमोठा कसा करायचा आणि जागाच उरली नसेल तर हाती काय येईल, एवढं सगळं त्या छोट्याशा मजकुरात बसवलेलं आहे. मिळालेल्या तुकड्याच्या हद्दीबाहेर लिहिलं किंवा भलताच आकडा फ्रीच्या हवाली केला तर अनर्थ ओढवेल, असंही तिथे बजावून ठेवलं आहे.

मला त्याच पानावरचं आणखी एक कलम महत्त्वाचं वाटतं, कारण त्याची किंमत पुढे पुष्कळ लोकांनी चुकवली. त्याचा आशय असा: फ्री केल्यावरही तुकड्यातला मजकूर तसाच राहतो, आणि मधल्या काळात मॅलॉक, कॅलॉक किंवा रीॲलॉक पुन्हा बोलावलं नसेल तर नुकताच फ्री केलेला तुकडा रीॲलॉकला देता येतो. एकदा परत केलेल्या जागेला पुन्हा हात लावायची ही मुभा ऐकून आजच्या कुठल्याही सी प्रोग्रॅमरच्या पोटात गोळा येईल. तेव्हा मात्र तिला कारण होतं. पीडीपी-11 वर पत्ते 16 बिटांचे, त्यामुळे प्रोग्रॅमच्या डेटाला 64 किलोबाइटच्या पलीकडे पसरता येत नसे. जागा इतकी तुटपुंजी की फ्री, मॅलॉक आणि रीॲलॉक ठरावीक क्रमाने बोलावून विखुरलेले तुकडे एका बाजूला सारून घ्यायची युक्ती खुद्द मॅन्युअलच सुचवत होतं.

ती चालायची, कारण आतला कोड तसा होता. सातव्या आवृत्तीतलं फ्री जवळजवळ काहीच करत नाही. प्रत्येक तुकड्याच्या आधी थोडी जागा राखलेली असते आणि तिथे पुढच्या तुकड्याचा पत्ता असतो. त्या पत्त्याचा सर्वांत खालचा बिट म्हणजे तुकडा वापरात आहे की मोकळा, याची खूण. फ्री तेवढा एक बिट पुसतं आणि परततं. शेजारशेजारचे मोकळे तुकडे जोडून घ्यायचं काम पुढचं मॅलॉक जागा शोधता शोधता करतं. म्हणजे मजकूर शाबूत राहणं हा त्या विशिष्ट रचनेचा योगायोग होता. पण मॅन्युअलमध्ये उतरला की योगायोग योगायोग राहत नाही, त्याचं वचन होतं.

लोकांनी त्या वचनावर विसंबून प्रोग्रॅम लिहिले. पुढे एटी अँड टीच्या सिस्टिम फाइव्हमध्ये वेगळ्या रचनेचं, जास्त चपळ मॅलॉक आलं, तेव्हा त्याच्याबरोबर एम-कीप नावाचा एक पर्याय द्यावा लागला: फ्री केलेल्या तुकड्यातला मजकूर पुढच्या मागणीपर्यंत राखून ठेवा. ही सोय केवळ जुन्या मॅलॉकशी जुळवून घेण्यापुरती आहे, वापरा असं आम्ही सुचवत नाही, हेही त्याच पर्यायाच्या वर्णनात लिहिलेलं होतं. 1989 च्या अमेरिकी सी मानकाने ती मुभा काढूनच घेतली. तेव्हापासून फ्री केलेल्या तुकड्याला हात लावला तर काय होईल याची हमी कोणीच देत नाही. एक बिट पुसणारं फंक्शन, त्याचं एक प्रामाणिक वर्णन, आणि ते निस्तरायला दहा वर्षं.

मी पुण्यात स्टोरेज सॉफ्टवेअरचं डॉक्युमेंटेशन लिहिते. डिस्क, कॅशे, बफर यांच्या व्यवहारात मेमरी घेणारी आणि सोडणारी फंक्शनं सतत समोर येतात. कॉलेजात असताना मॉरिस बाक यांचं 1986 सालचं युनिक्सच्या रचनेवरचं पुस्तक आम्ही झेरॉक्स काढून वाचलं होतं. अप्पा बळवंत चौकात ते मिळायचं, पण विद्यार्थ्याच्या खिशाला परवडत नसे. त्यात युनिक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, मेमरी कशी वाटतो ते कळलं. काय वाटायचं कबूल केलंय, हे मात्र मॅन्युअल वाचायला लागल्यावर कळलं. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, आणि मेमरीच्या फंक्शनांचा इतिहास म्हणजे मोठ्या प्रमाणात या दोहोंमधल्या अंतराचा इतिहास आहे. बाकीच्या फंक्शनांचं उत्तर चुकलं तर ते तिथल्या तिथे दिसतं. मेमरीचा गैरसमज तासाभराने, दुसऱ्याच प्रोग्रॅमच्या दुसऱ्याच ओळीत फुटतो. म्हणून इथे शब्दांवर जितकी भिस्त आहे तितकी क्वचितच दुसरीकडे असेल.

युनिक्सच्या मॅन्युअलची पहिली आवृत्ती 3 नोव्हेंबर 1971 ची. तिच्यावर केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांची नावं आहेत, आणि ती युनिक्सवरच, एड या एडिटरमध्ये टाइप करून आणि रॉफने मांडून तयार झाली. यंत्र होतं पीडीपी-11/20. मेमरी एकूण 24 किलोबाइट: 16 सिस्टिमला, 8 प्रोग्रॅमला. प्रोग्रॅमने भलत्या जागी लिहू नये म्हणून अडवणारं हार्डवेअर त्या यंत्रात नव्हतं. त्याच यंत्रावर बेलच्या पेटंट विभागाच्या टंकलेखिका काम करत बसलेल्या असत, त्यामुळे नवा प्रोग्रॅम चालवून बघायला धाडस लागायचं, असं रिचींनी नंतर नोंदवलं आहे.

त्या मॅन्युअलमध्ये ब्रेक नावाचा सिस्टिम कॉल आहे. आपण कुठपर्यंतची जागा वापरतो आहोत हे प्रोग्रॅमने सिस्टिमला कळवायचं, एवढंच त्याचं काम. पण पानावर लगेच पुढे सांगितलं आहे की या सीमेच्या वर आणि स्टॅक पॉइंटरच्या खाली जे काही असेल ते डिस्कवर उतरवलं जाणार नाही, आणि म्हणून ते ध्यानीमनी नसताना बदललेलं सापडू शकेल. 1971 सालच्या त्या दोन ओळींवर मी नव्या मुलांना हटकून थांबवते. फंक्शन काय करतं हे अर्ध्या वाक्यात आटोपलंय, आणि काय करत नाही, कशाची राखण करणार नाही, यावर त्याहून जास्त शब्द खर्च केलेत.

प्रत्येक पानाची मांडणी ठरलेली होती: नाव, वापरायची रीत, वर्णन, संबंधित फाइली, हेही पाहा, चुकांचे संदेश, आणि दोष. आपल्या प्रोग्रॅममधल्या उणिवांसाठी पानावर कायमची राखीव जागा ठेवायची, ही पद्धत मला आजही थोर वाटते. या सगळ्यामागे डग मॅकिलरॉय यांचा आग्रह होता. बेल लॅब्जच्या ज्या विभागात युनिक्स घडलं त्याचे ते प्रमुख, आणि स्वतः मॅन्युअलचे कडक संपादक. इतिहासकार मायकेल महोनी यांना दिलेल्या मुलाखतीत त्यांनी सांगितलं आहे की मॅन्युअलची नवी आवृत्ती निघायची वेळ आली की सगळ्यांची धावपळ उडायची. एखादी ओबडधोबड गोष्ट कागदावर मांडली की ती छापायची लाज वाटायची. मग सांगायला सोपं जावं म्हणून प्रोग्रॅममधून काही काढलं जायचं, काही नव्याने घातलं जायचं. मॅन्युअल प्रोग्रॅमच्या मागून चालत नव्हतं, बरोबरीने चालत होतं.

एकदा तर ते चक्क पुढे निघून गेलं. 1983 मध्ये कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठाने 4.2 बीएसडी ही युनिक्सची आवृत्ती काढली. त्याआधी, 1979 मध्ये, ओझाल्प बाबाओग्लू आणि बिल जॉय यांनी तिथे युनिक्सला व्हर्च्युअल मेमरी दिली होती. 4.2 च्या मॅन्युअलमध्ये एमॅप या कॉलचं वर्णन आलं: फाइल थेट मेमरीच्या पत्त्यांवर मांडायची आणि वाचन-लेखनाचे वेगळे कॉल न करता तिच्याशी बोलायचं. सोबत मेमरीची परवानगी बदलणारा कॉल होता, आणि आपण ही जागा पुढे कशी वापरणार याचा कर्नलला सल्ला देणारा मॅडव्हाइज होता. हे सगळं कागदावर. एमॅपच्या मागचा कोड त्या आवृत्तीत तयारच नव्हता. तो आधी उभा केला सन मायक्रोसिस्टिम्सने, सनओएस 4.0 मध्ये, 1988 साली. रॉब गिंगेल, जोसेफ मोरान आणि विल्यम शॅनन यांनी त्याची रचना आदल्याच वर्षी युझनिक्स परिषदेत मांडली होती. बर्कलीच्या स्वतःच्या प्रणालीत ते यायला नव्वदचं दशक उजाडलं, तेही कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या माक कर्नलची मेमरी-व्यवस्था घेऊन.

कोडच्या आधी वर्णन लिहिलं जाणं मला मुळीच वाईट वाटत नाही. अडचण झाली ती वर्णन फार आखूड राहिल्याने. मॅडव्हाइजला द्यायच्या सल्ल्यांपैकी एक होता डोंट-नीड. मेमरीच्या या पानांची, म्हणजे ठरावीक आकाराच्या तुकड्यांची, आता गरज नाही, यापलीकडे त्याचा खुलासा जवळजवळ नव्हता. गरज नाही म्हणजे काय? पानं मेमरीतून हलवली तरी चालतील, पण मजकूर राखून ठेवा, असं? की मजकूरही फेकून द्या? सनसारख्या प्रणालींनी पहिला अर्थ घेतला. लिनक्सने दुसरा घेतला: तिथे डोंट-नीड म्हटलं की प्रोग्रॅमच्या खासगी पानांतला मजकूर जातो, आणि पुन्हा बघाल तेव्हा तिथे शून्यं असतात. युनिक्ससारख्या प्रणालींसाठीच्या पॉझिक्स मानकात हा सल्ला आला तो मजकूर न बिघडवणाऱ्या अर्थाने. त्यामुळे लिनक्सवरच्या जीलिबसी या लायब्ररीपुढे पेच उभा राहिला. मानकाप्रमाणे पॉझिक्स-मॅडव्हाइज द्यायचं, पण कर्नलचा त्याच नावाचा कॉल तर मजकूर पुसतो! त्यांनी काढलेला मार्ग आजही मॅन्युअलमध्ये लिहिलेला आहे: पॉझिक्सचा डोंट-नीड आला तर काहीही करायचं नाही. 1983 मध्ये आणखी एक वाक्य लिहिलं गेलं असतं, तर हे अख्खं प्रकरण टळलं असतं असं मी ठामपणे म्हणते.

त्याच सुमारास, तिथून जवळच, ॲपलमध्ये एक बाई नेमकं असलं वाक्य लिहून घ्यायचं काम करत होत्या. कॅरोलाइन रोज 1982 मध्ये मॅकिंटॉश गटात आल्या. मॅकिंटॉशमध्ये 128 किलोबाइट मेमरी होती आणि तिच्यात चित्रं, खिडक्या, अक्षरं, मेनू सगळं कोंबायचं होतं. त्यासाठी मेमरी मॅनेजर तुकडे सरकवून जागा करायचा. प्रोग्रॅमच्या हाती तुकड्याचा पत्ता नसे. पत्ता जिथे ठेवलाय त्या जागेचा पत्ता असे, त्याला हँडल म्हणत. तुकडा सरकला की मॅनेजर मधला पत्ता बदलायचा आणि हँडल तसंच चालू राहायचं. गफलत व्हायची ती अशी: प्रोग्रॅमरने वेगासाठी हँडलमधून खरा पत्ता काढून घेतला, मग सिस्टिमचं एखादं निरुपद्रवी दिसणारं फंक्शन बोलावलं, आणि त्या फंक्शनने आतल्या आत मेमरी हलवली. आता हातातला पत्ता भलत्याच जागेचा.

म्हणजे मॅकिंटॉशवर प्रत्येक फंक्शनबद्दल एक प्रश्न विचारावा लागे: याने मेमरी हलू शकते का? खिडकी काढणाऱ्या, अक्षरं मोजणाऱ्या, मेनू दाखवणाऱ्या फंक्शनांबद्दलसुद्धा. इनसाइड मॅकिंटॉश या ग्रंथमालेत, जिची मुख्य लेखिका आणि संपादिका रोज होत्या, मेमरी हलवू शकणाऱ्या फंक्शनांची स्वतंत्र यादी परिशिष्टात दिलेली आहे. ॲडिसन-वेस्लीने 1985 मध्ये हे खंड छापले. मला ती यादी त्या ग्रंथातला सर्वांत उपकारक भाग वाटते. वाचायला ती रटाळ आहे, नुसती नावांमागून नावं. पण ती तयार करायला प्रत्येक फंक्शनच्या आत उतरून बघावं लागलं असणार, आणि ते काम एकदा झाल्यामुळे हजारो प्रोग्रॅमरांना ते आपापल्या घरी पुन्हा करावं लागलं नाही.

मॅकिंटॉशच्या सिस्टिम सॉफ्टवेअरचे एक कर्ते अँडी हर्ट्झफेल्ड यांनी रोज यांच्याबद्दल जे लिहिलंय ते आमच्या धंद्यातल्या प्रत्येकाला माहीत असायला हवं. त्यांच्या लक्षात आलं की रोज यांना एखादी गोष्ट समजायला जड जातेय, म्हणजे बहुधा रचनेतच खोट आहे. रोज यांनी नेमका प्रश्न विचारला की हर्ट्झफेल्ड त्यांना उद्या या म्हणत, आणि तोवर फंक्शनच सुधारून ठेवत. पुढे पुढे नवा कोड लिहितानाच रोज काय विचारतील याचा ते अंदाज घेऊ लागले.

हे मी दररोज बघते. आमच्याकडे इंटर्न म्हणून आलेल्या एका मुलीला मी कॅशेमधून बफर घेणाऱ्या फंक्शनचं वर्णन लिहायला दिलं होतं. तिने एक ओळ लिहून आणली: हे फंक्शन बफर परत देतं. मी विचारलं, "बफर कोणी सोडायचा?"

"बोलावणाऱ्याने. म्हणजे, बहुतेक."

"बहुतेक का?"

"मॅडम, कोडमध्ये दिसतंच की. रेफरन्स काउंट वाढतो."

"कोडमध्ये आज काय होतं ते दिसतं गं. उद्या काय बदलायचं नाही, ते कुठे दिसतं?"

मग आम्ही दोघी बसलो आणि त्या फंक्शनला लागू पडणारे प्रश्न एकेक करून लिहिले. मेमरी शून्यांनी भरलेली मिळते का? आकार शून्य मागितला तर? मिळाली नाही तर रिकामा पॉइंटर येतो की चूक दाखवणारा आकडा? हे फंक्शन मेमरीची वाट बघत झोपू शकतं का, म्हणजे हातात कुलूप (लॉक) असताना ते बोलावलं तर चालेल का? बफर सोडायला साधं फ्री चालेल की त्याचं वेगळं जोडीदार फंक्शन आहे? झोपण्याच्या प्रश्नाला कोडमध्ये धड उत्तर सापडेना. तिने ज्यांनी ते लिहिलं त्यांना जाऊन विचारलं. ते म्हणाले, झोपतं. ते दोन ठिकाणांहून बोलावलं जात होतं, आणि त्यांपैकी एका ठिकाणी कुलूप धरून. आठवडाभरात त्या फंक्शनची दोन फंक्शनं झाली, झोपणारं आणि न झोपणारं, आणि तिचं वर्णन दोन्हींसाठी चार-चार ओळींत नीट बसलं. ती एक ओळ तशीच गेली असती तर वर्षभराने कुणाचा तरी सर्व्हर मध्यरात्री गोठला असता आणि कारण शोधायला आठवडे लागले असते.

लिनक्सच्या मॅन्युअल पानांचा प्रकल्प 1993 मध्ये रिक फेथ यांनी सुरू केला. 1995 पासून तो नेदरलँड्समधले गणितज्ञ आंद्रिएस ब्राउवर यांनी सांभाळला, 2004 पासून मायकेल केरिस्क यांनी, आणि आता अलेहांद्रो कोलोमार बघतात. केरिस्क यांच्या काळात पानं लिहिता लिहिता कर्नलमधले दोष सापडण्याचं प्रमाण लक्षात येण्याजोगं होतं. मेमरीशी संबंध नसलेलं एक उदाहरण सांगते: 2007 मध्ये टायमरएफडीचं पान लिहिताना त्यांना त्या कॉलच्या मूळ रचनेतच उणिवा दिसल्या. पुढच्या आवृत्तीत तो कॉल बंद ठेवला गेला आणि 2.6.25 मध्ये नव्या रूपात आला.

ब्राउवर यांच्या काळातल्या मॅलॉकच्या पानाबद्दल मात्र मला थांबून बोलायचंय. लिनक्स मेमरी देताना आशावादी असतो. मागितलेली सगळी मेमरी सगळेच वापरत नाहीत या हिशेबाने तो असलेल्यापेक्षा जास्त कबूल करतो. प्रत्यक्ष वापरायची वेळ आली आणि पुरेशी निघाली नाही, तर कर्नलमधला ओओएम (आउट ऑफ मेमरी) किलर एखाद्या प्रोग्रॅमला ठार करतो. म्हणजे सातव्या आवृत्तीपासून चालत आलेलं आश्वासन, की मॅलॉकने रिकामा पॉइंटर दिला नाही तर मेमरी तुमची, लिनक्सवर पुरतं खरं नाही. जुन्या पानाच्या दोष विभागात हे सरळ लिहिलं होतं, आणि हा फार वाईट दोष आहे असा शेराही होता. ब्राउवर यांनी 2004 मध्ये कर्नलच्या मंडळींपुढे एक गोष्टही रचून मांडली. एका विमान कंपनीला कळतं की कमी इंधन भरून उडणं स्वस्त पडतं. कधीमधी इंधन कमी पडतं, म्हणून प्रवाशांना बाहेर फेकणारी यंत्रणा बसवली जाते, आणि मग कोणाला फेकायचं यावर चर्चा रंगते.

नंतर त्या पानातून तो शेरा निघाला आणि मजकूर टिपांच्या विभागात गेला. शेरा गेला हे मला पटतं. जास्त कबूल करणं हा विचारपूर्वक घेतलेला निर्णय आहे, आणि तो ओव्हरकमिटच्या सेटिंगने बदलता येतो. पण मजकूर दोष विभागातून हलवला हे मला पटत नाही. घाईत असलेला प्रोग्रॅमर टिपा वाचत नाही. दोष वाचतो.

आता कर्नलच्या आत. तिथे मेमरी मागायला केमॅलॉक आहे आणि त्याला आकाराबरोबर जीएफपी या आद्याक्षरांनी सुरू होणारे झेंडे द्यावे लागतात: झोपलेलं चालेल का, फाइल सिस्टिमला त्रास दिलेला चालेल का, नकार चालेल का. केमॅलॉक नाकारू शकतं, दर वेळी तपासा, असं कर्नलच्या प्रोग्रॅमरांना वर्षानुवर्षं शिकवलं गेलं. डिसेंबर 2014 मध्ये, तेत्सुओ हांडा यांनी दाखवलेल्या एका कोंडीवर चर्चा चालू असताना, एक्सएफएस फाइल सिस्टिमच्या लोकांच्या लक्षात आलं की आठ पानांपर्यंतची, म्हणजे साधारण 32 किलोबाइटपर्यंतची मागणी मेमरी-वाटप जवळजवळ कधीच नाकारत नाही. मेमरी मिळेपर्यंत ते आतल्या आत फिरत राहतं. कोंडी अशी व्हायची: फाइल सिस्टिम कुलूप धरून मेमरी मागते, मेमरी-वाटप ओओएम किलरने निवडलेला प्रोग्रॅम मरायची वाट बघतं, आणि तो प्रोग्रॅम त्याच कुलपासाठी अडलेला असतो. डेव्ह चिनर यांच्यासारखा, कर्नलमध्ये आयुष्य गेलेला माणूस हा नियम ऐकून चकित झाला. नियम कोडमध्ये होता, मेमरीवाल्यांच्या डोक्यात होता, फक्त लिहिलेला नव्हता. आणि नकार आला तर काय करायचं, यासाठी जगभर लिहिलेला सावधगिरीचा कोड जवळजवळ कधी चाललाच नव्हता.

याच्या बरोबर उलट गोष्ट जीएफपी-टेम्पररीची. हा झेंडा 2007 मध्ये आला. अल्पजीवी मागण्या एकत्र ठेवल्या तर मेमरीचे तुकडे पडत नाहीत, हा त्यामागचा विचार अगदी रास्त होता. दहा वर्षांनी मिखाल होचको यांनी तो काढून टाकायचा प्रस्ताव आणला, आणि त्यांचा मुद्दा कोडबद्दल नव्हताच. तात्पुरती म्हणजे किती वेळ? ती मेमरी हातात असताना झोपायचं का? कुलूप घ्यायचं का? या प्रश्नांना कोणाकडेच चांगलं उत्तर नव्हतं, त्यामुळे ज्याला जसं वाटलं तसं त्याने वापरलं होतं. 4.14 मध्ये झेंडा गेला. ज्याचं वर्णन दहा वर्षांत लिहिता आलं नाही, त्याला कर्नलमध्ये जागा उरली नाही. मॅकिलरॉय यांनी सांगितलेली ती धावपळ 2017 मध्येही चालूच होती.

त्यानंतर मात्र या बाजूला मनापासून काम झालं. माइक रापोपोर्ट यांनी 2018 मध्ये मेमरी मागण्याबद्दलचं एक मार्गदर्शक कर्नलच्या डॉक्युमेंटेशनमध्ये घातलं: कोणता झेंडा केव्हा, शंका असेल तर कोणता, आकार मोठा असेल तर केमॅलॉकऐवजी काय, आणि कोणत्या मागणीला कोणतं फ्री. फंक्शनं परत काय देतात हे पुष्कळ ठिकाणी लिहिलेलंच नव्हतं, तेही त्यांनी भरून काढलं. 2019 मध्ये व्लास्टिमिल बाब्का यांनी आणखी एक न लिहिलेला नियम कागदावर आणला. दोनाच्या घातातला आकार मागितला, उदाहरणार्थ 512 बाइट, तर मिळणारा पत्ता त्या आकाराने भागला जाणारा असायचा. फाइल सिस्टिमवाले त्यावर विसंबून होते, पण दोष शोधायची व्यवस्था चालू केली की ते जमत नसे आणि सगळं कोसळायचं. लोकांना तुम्ही विसंबला होतात ही तुमची चूक, असं म्हणता आलं असतं. बाब्का यांनी कोड बदलून ती हमी खरी केली आणि केमॅलॉकच्या वर्णनात लिहून टाकली.

2022 मध्ये कर्नलच्या मेमरीविषयक डॉक्युमेंटेशनला नवी मांडणी दिली गेली. तिचा आराखडा मेल गॉर्मन यांच्या 2004 सालच्या पुस्तकाच्या अनुक्रमणिकेवर बेतला होता, जे मुळात आयर्लंडमधल्या लिमरिक विद्यापीठातल्या त्यांच्या पदव्युत्तर अभ्यासातून उभं राहिलं. पुष्कळ प्रकरणं तेव्हा नुसती शीर्षकं होती, ओओएमचं धरून. ते प्रकरण लिहिणाऱ्याला निदान तीन गोष्टी सांगाव्या लागतील: कोणत्या मागण्या कधीच नाकारल्या जात नाहीत, मारायचा प्रोग्रॅम कसा निवडला जातो, आणि निवडलेला प्रोग्रॅम कुलपात अडकला असेल तर काय होतं. तिसऱ्याचं उत्तर 2016 मध्ये 4.6 आवृत्तीत बदललं, कारण अडकलेल्या प्रोग्रॅमची मेमरी तो मरायच्या आधीच काढून घेणारा ओओएम रीपर तेव्हा आला. जुने कर्नल चालवणारी यंत्रं अजून पुष्कळ आहेत, तेव्हा आधीची आणि नंतरची दोन्ही उत्तरं आवृत्तीच्या आकड्यासकट द्यायला हवीत.